निकाल लागला, पण कागद कुठे आहे?



आपल्या सल्ला केंद्रात बाई येते. ती बोलते, रडते, पाणी पिते, पुन्हा बोलते. सगळे ऐकून झाल्यावर आपण विचारतो, "याआधी कोर्टात काही झालं होतं का?" पुष्कळदा उत्तर येते, हो, झालं होतं. केस लागली होती, तारखा झाल्या, निकालही लागला. मग आपण विचारतो, "निकालाचा कागद आहे का?" आणि इथेच सगळे अडते. "ताई, कागद वकीलजोडे शे." वकील कोणते? आडनाव आठवते, पत्ता आठवत नाही. केसचा नंबर? माहीत नाही. साल? "पोरगी पहिलीत होती तव्हय."

एरंडोल तालुक्यात आणि आजूबाजूला काम करताना हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते एकेका बाईचे दुर्दैव वाटत नाही. ही एक रीत झाली आहे. बाईच्या आयुष्याचा निवाडा ज्या कागदावर लिहिला, तो कागद सोडून बाकी सगळे तिच्या पदरात पडते. या रीतीबद्दल मला भांडायचे आहे. वकिलांशी आणि कोर्टाच्या कचेरीशी तर आहेच, पण त्याआधी आपल्याशी, म्हणजे स्त्रियांच्या संघटनांशी.

एका बाईची गोष्ट सांगते. तिचे नाव, गाव आणि कोर्ट सांगत नाही, कारण ती अजून लढते आहे. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी राहणारी, कापूस वेचणीला जाणारी. तिला दरमहा तीन हजार रुपये पोटगीचा आदेश झाला. वकिलांनी सांगितले, "झालं तुमचं काम." नवऱ्याने चार महिने पैसे दिले आणि बंद केले. ती वकिलांकडे दोनदा गेली. दोन्ही वेळा मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले आणि "बघू" एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा ती गेली नाही. आमच्याकडे आली तेव्हा पैसे थकून तीन वर्षे झाली होती. नंबर नव्हता, नक्कल नव्हती, आदेशाची तारीखही नव्हती. कोर्टाच्या नोंदवहीत तिचे प्रकरण सापडेपर्यंत आमच्या चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला तर "वकील घेऊन या, बाईंना नक्कल मिळत नाही" असे तोंडावर सांगण्यात आले. हे सरळ सरळ खोटे होते.

आता हिशेब करा. छत्तीस महिन्यांचे एक लाख आठ हजार रुपये थकले होते. पण पोटगीच्या वसुलीचे वॉरंट मागायचे तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५(३) मध्ये हीच अट होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही तीच आहे. म्हणजे त्या वॉरंटाने मागता आले फक्त शेवटच्या बारा महिन्यांचे छत्तीस हजार. बहात्तर हजार रुपये हातचे गेले. कापूस वेचून बहात्तर हजार रुपये जोडायला किती हंगाम लागतात, हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको.

हा अन्याय नवऱ्याने केला, यात शंका नाही. पण त्याला साथ कोणी दिली? "झालं तुमचं काम" म्हणून नक्कल न देता तिला घरी पाठवणाऱ्याने दिली. "वकील घेऊन या" म्हणणाऱ्याने दिली. आणि आम्हीही दिली! ती बाई त्या तीन वर्षांत आमच्या दोन शिबिरांना आली होती. आम्ही तिला कायदा सांगितला, गाणी म्हणून घेतली, हात वर करून घोषणा द्यायला लावल्या. "तुझ्या आदेशाची नक्कल दाखव" असे मात्र आमच्यापैकी एकीनेही म्हटले नाही.

कागद मागणे हे आपले काम नाही काय?

या मुद्द्यावर आपल्या बैठकांत वाद होतो. काही जुन्याजाणत्या कार्यकर्त्या म्हणतात, "आपण कारकून होऊ नये. कागदांच्या मागे लागलो की चळवळ मरते. व्यवस्था बदलायची सोडून तिच्याच खिडकीपुढे रांगेत उभे राहायचे काय?" त्यांचा राग मला समजतो. पण त्यांनी आपलाच इतिहास आठवावा.

१९७२ साली २६ मार्चच्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. त्या दिवशी देशात कुठेही मोर्चा निघाला नाही. मोर्चे निघाले १९८० साली. मधल्या काळात काय घडले? तो निकाल कायद्याच्या अहवालात छापून आला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी तो ओळ न् ओळ वाचला. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती होती, हा तर्क त्यांनी उघडा पाडला आणि १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातून ठिणगी पडली, गावोगावी मंच उभे राहिले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला.

म्हणजे आपल्या पिढीची चळवळ एक निकालपत्र वाचण्यातून पेटली. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होता, म्हणून तो छापला गेला. तालुका कोर्टाचे निकाल असे कोणी छापत नाही. तिथे रोज लिहिले जाणारे, "अर्जदार स्वतःहून घर सोडून गेली", "तिने मारहाणीचा पुरावा दिला नाही" असे शेरे बस्त्यात बांधले जातात आणि अभिलेख कक्षात जातात. ते कोणी वाचत नाही. १९९४ साली जळगावचे लैंगिक शोषण प्रकरण उघडकीला आले तेव्हा संतापाची केवढी लाट उसळली होती! त्यातून किती खटले उभे राहिले, किती टिकले, जे पडले ते नेमक्या कोणत्या कारणाने पडले, हे आज या जिल्ह्यातल्या किती कार्यकर्त्या निकालपत्रे वाचून सांगू शकतील? मी स्वतः सांगू शकत नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. खटला कोर्टात लागला म्हणजे आपले काम संपले, हे सोडून द्या. निकालाची खरी नक्कल बाईच्या हातात पडेपर्यंत प्रकरण आपल्या वहीत बंद करायचे नाही.

कायदा काय म्हणतो

नक्कल देणे ही कोणाची मेहेरबानी नाही. कोर्टाचे अभिलेख हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत, आणि ज्याला ते पाहण्याचा हक्क आहे त्याने मागितल्यास फी घेऊन खरी नक्कल दिलीच पाहिजे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ७६ हेच सांगत होते, आज भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ७५ सांगते. दिवाणी दाव्यात पक्षकाराने अर्ज केला की निकाल व हुकूमनाम्याची नक्कल द्यायची, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. फौजदारी निकालाने जिच्यावर परिणाम झाला, तिला निकालाची, साक्षीची किंवा प्रकरणातल्या इतर कागदाची नक्कल मागता येते. जुन्या संहितेचे कलम ३६३, नव्या संहितेचे ४०४. यांपैकी कुठेही "वकिलामार्फतच" असे लिहिलेले नाही.

काही नक्कला तर फुकट द्यायच्या आहेत. त्या पाठ करा.

एक, पोटगीचा आदेश. जिच्या बाजूने आदेश झाला तिला त्याची नक्कल विनामूल्य द्यायची आहे (जुने कलम १२८, नवे १४७). ती दाखवून नवरा जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही वसुली मागता येते. तो सुरतेला कामाला गेला तरी आदेश त्याच्या मागे जातो, पण आधी तो आदेश आपल्या हातात हवा.

दोन, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातला कोणताही आदेश. २००५ च्या कायद्याचे कलम २४ म्हणते की आदेशाची नक्कल दोन्ही पक्षांना, पोलीस ठाण्याला आणि त्या भागातल्या नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्थेला विनामूल्य देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायचा आहे. शेवटचे चार शब्द पुन्हा वाचा. सेवा पुरवठादार संस्था म्हणजे आपण. कलम १० खाली नोंदणी केली असेल तर आदेशाची नक्कल कोर्टाकडून आपल्याकडे यायला हवी. आपल्या किती संस्थांनी ही नोंदणी केली आहे? केलेल्यांपैकी किती जणींनी कलम २४ दाखवून कोर्टाला एक साधे पत्र लिहिले आहे?

तीन, पोलिसांतली पहिली खबर. फिर्याद देणारीला तिची प्रत विनामूल्य मिळते. नव्या संहितेच्या कलम १७३ने पीडितेलाही हा हक्क दिला आहे.

बाकी नक्कलांना पानांप्रमाणे फी पडते. तिचीही वाट आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रीला मोफत विधी सेवा मिळते आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्टातले कागद व आदेशांच्या नक्कला मिळवून देणे हेही त्यात येते. तालुक्यातल्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तालुका विधी सेवा समिती असते. तिच्याकडे आपण बायकांना वकील मिळावा म्हणून पाठवतो, नक्कल मिळावी म्हणून कधी पाठवत नाही.

आणि वकिलाने फी राहिली म्हणून कागद अडवले तर? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही. फीचा वाद वेगळा, कागद वेगळे. हे वाक्य नम्रपणे पण उभे राहून म्हणायला शिका.

कागद शोधायचा कसा

आता एरंडोलचेच उदाहरण घेऊ. एरंडोलला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय आहे. पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, नवऱ्याच्या छळाची फिर्याद ही प्रकरणे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. लहान रकमेचे दिवाणी दावे त्याच इमारतीत असतात. हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट वरिष्ठ स्तर न्यायालयात, आणि बलात्कार, हुंडाबळी, खून हे सत्र न्यायालयात. त्यावर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. बाईला सगळे "कोर्ट" एकच वाटते, म्हणून आधी प्रकरण कुठले ते ठरवा. धरणगाव तालुका पूर्वी एरंडोलमध्येच होता. तिकडच्या गावांचे जुने प्रकरण असेल तर आधी एरंडोलला चौकशी करा.

नंबर नसेल तर बाईच्या पेटीतला प्रत्येक कागद पाहा. समन्स, नोटीस, जुनी पावती, तारखेची चिठ्ठी, कुठेतरी नंबर असतोच. पोलीस केस असेल तर ठाण्यातून गुन्हा रजिस्टर क्रमांक घ्या. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने, वर्षाने, गुन्हा क्रमांकाने शोधता येते. तिथे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की वहीत लिहून ठेवा. नावे इंग्रजी अक्षरांत कशीही लिहिलेली असतात, म्हणून दोन-तीन तऱ्हेने पाहा. माहेरचे नाव, सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, सासऱ्याचे नाव, सगळे घालून पाहा. तिथे दिसणारा आदेश वाचायला उपयोगी, पण ती खरी नक्कल नव्हे. जुनी प्रकरणे तिथे नसतील तर कोर्टातल्या नोंदवहीत शोधून द्यावे असा अर्ज करा.

नंबर मिळाला की नक्कलेचा अर्ज. खालील नमुना उतरवून घ्या आणि केंद्रात भिंतीवर लावा.

"मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, एरंडोल यांचे न्यायालयात. किरकोळ फौजदारी अर्ज क्रमांक ___ / सन ___. अर्जदार ___ विरुद्ध जाबदेणार ___. विषय : खरी नक्कल मिळणेबाबत. वरील प्रकरणात मी अर्जदार आहे. मला दिनांक ___ रोजीच्या पोटगीच्या आदेशाची, निशाणी क्रमांक ___ वरील आदेशाची व संपूर्ण रोजनाम्याची खरी नक्कल प्रत्येकी एक हवी आहे. नक्कल वसुलीच्या अर्जासाठी हवी आहे. पोटगीच्या आदेशाची नक्कल कायद्याप्रमाणे विनामूल्य द्यावी. इतर कागदांची फी भरण्यास मी तयार आहे. नक्कल मी स्वतः घेईन. दिनांक, सही अथवा अंगठा, पत्ता, फोन."

अर्ज मराठीतच लिहा. १९९८ सालापासून महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. अर्ज दिल्याची पोच घ्या. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. "हेच अर्जावर लिहून द्या" म्हणा. माझा अनुभव असा की निम्मे नकार या एका वाक्याने विरघळतात. घाई असेल तर "तातडीची नक्कल" असे लिहा, तिची फी जास्त असते. काय मागायचे तेच कळत नसेल तर आधी प्रकरण पाहण्याचा अर्ज करा, फाईल समोर बसून वाचा, निशाणी क्रमांक टिपून घ्या आणि मगच नक्कल मागा.

रोजनामा जरूर मागा. कोणत्या तारखेला कोण हजर होते, तारीख कोणी मागितली, कोणत्या कारणाने दिली, हे त्यात असते. "बाईच तारखेला येत नव्हती" असे सासरचे म्हणतात. रोजनामा पाहिला की कित्येकदा उलटे निघते.

नक्कल हातात आली की शेवटचे पान पाहा. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा तिथे लिहिलेल्या असतात. त्या फार महत्त्वाच्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशावर सत्र न्यायालयात अपील करायला आदेश बजावल्यापासून तीस दिवस असतात. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलालाही तीसच दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो, पण तो मोजायचा आपण अर्ज केल्यापासून. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, नक्कलेचा अर्ज टाकून निघायचे.

माहेरच्या जमिनीचा कागद

हे सगळे फक्त पोटगीपुरते नाही. खानदेशातल्या मुली माहेरच्या जमिनीचा प्रश्न काढतात तेव्हा भाऊ सांगतात, "वाटणी कधीच झाली." २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी कायम राहते, आणि ती वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते. नुसत्या तोंडी वाटणीचे म्हणणे सहजासहजी मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा यांच्या निकालात हे सांगितले. म्हणून भावाला एवढेच विचारा : दाव्याचा नंबर काय? साल काय? आणि त्या हुकूमनाम्याची नक्कल काढा. दाव्यात बहिणीचे नाव होते का, समन्स कोणाच्या हाती दिले, वकीलपत्रावर अंगठा कोणाचा, तडजोडीच्या पुरशीसवर सही कोणाची, हे सारे त्या फाईलमध्ये असते. लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. तिथे अंगठा देण्याआधी वाचून घ्या आणि निवाड्याची प्रत घेऊनच उठा.

यात उशीर करून चालत नाही. ठरावीक वर्षांनी न्यायालयाचे कित्येक कागद नियमानुसार नष्ट केले जातात. त्यासाठी १९१७ सालापासून कायदाच आहे. फार जुना, आजी-पणजीच्या काळातला दावा असेल तर जळगावच्या आणि प्रसंगी धुळ्याच्या अभिलेख कक्षात विचारावे लागते, कारण १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळे होते.

दुसऱ्यांची प्रकरणे आणि आपली जबाबदारी

आपण पक्षकार नसलो तरी अभ्यासासाठी निकाल हवा असतो. अशा वेळी कार्यकर्त्या माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि तो फेटाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवले की न्यायिक कागदांच्या नक्कला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, आणि त्रयस्थ व्यक्तीने कारण सांगून, प्रतिज्ञापत्र करून मागायच्या. मला हा निकाल पसंत नाही. ज्याचा कारभार उघड्या न्यायालयात चालतो, त्याचा कागद मागताना कारण का सांगावे? पण तोवर रस्ता हाच आहे. कारण स्पष्ट लिहा : "स्त्रियांच्या पोटगी प्रकरणांचा अभ्यास". प्रकरणे किती, प्रलंबित किती, ही प्रशासकीय माहिती मात्र माहिती अधिकारात जरूर मागा.

इथे एक इशारा. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेचे कलम २२८-अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२. लहान मुलांच्या प्रकरणात तर अधिकच जपायला हवे. कौटुंबिक हिंसाचाराचे कामकाज बाईच्या इच्छेने बंद दाराआड चालू शकते. आपण कागद मागतो ते बाईच्या हातात बळ यावे म्हणून. तिची कहाणी चव्हाट्यावर मांडायला नव्हे, आणि आपल्या अहवालाची पाने भरायलाही नव्हे. नक्कल ठेवायची तर तिच्या संमतीने, कुलपात.

"बाईला कागद दिला तर ती हरवते, नवरा फाडून टाकतो," असे वकील सांगतात. खरे आहे, फाडतात, चुलीत घालतात. पण त्यावर उपाय कागद न देणे हा कसा? शिक्क्याची नक्कल केंद्राच्या कपाटात, झेरॉक्स बाईकडे, आणि फोनमधला फोटो तिच्या भरवशाच्या माणसाकडे. तिन्ही ठिकाणांहून कागद हरवला असे आमच्याकडे अजून झालेले नाही.

आपण काय मागायचे, काय करायचे

जिल्हा न्यायालयाकडे आणि विधी सेवा समित्यांकडे आपल्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तालुका न्यायालयात मोठ्या मराठी अक्षरांत फलक लावा : नक्कल कोणाला मिळते, फी किती, दिवस किती, कोणते आदेश विनामूल्य. नक्कलेचा मराठी छापील नमुना खिडकीवर ठेवा. पोटगीच्या आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशाची नक्कल बाईने मागायची वाट न पाहता द्या. कायद्यात तसेच लिहिले आहे, नवीन काही मागत नाही.

आणि स्वतःकडे मागणी अशी. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक केंद्राने आपल्याकडे आलेल्या बायकांची वही उघडावी. ज्यांचे प्रकरण कोर्टात गेले त्यांच्या नावापुढे चार रकाने आखावेत : न्यायालय, नंबर, आदेशाची तारीख, नक्कल मिळाली का. आम्ही हे केले तेव्हा शेवटचा रकाना जवळजवळ कोराच होता. तो पाहून जी शरम वाटली, तिथून आमचे काम सुरू झाले. ज्यांची पोटगी थकली आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, कारण दर महिन्याला एका महिन्याची रक्कम मुदतीबाहेर जाते आहे.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी दोघीतिघींनी मिळून कोर्टात जावे. एकटी बाई खिडकीपुढे उभी राहिली की तिला "नंतर या" म्हणतात. तिघी उभ्या राहिल्या की खुर्ची सरकते आणि रजिस्टर उघडते. तीन वर्षे थकलेल्या त्या बाईने शेवटी स्वतःच्या हाताने सही करून नक्कल घेतली. वाचता येत नाही, सही तेवढी येते. बाहेर येऊन तिने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "एवढाच होता का?" पानं होती सात.

त्या सात पानांसाठी तिचे बहात्तर हजार गेले. पुढच्या बाईचे जाऊ नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.